परसबागेतील लसूण : जातींची पारख कशी करावी?

फोडणीला लसूण पडत नाही असे घर महाराष्ट्रात शोधून काढावे लागेल. खानदेशातील ठेचा, विदर्भातील वरणाची फोडणी, कोल्हापूरकडील वाटण, सोलापूरची शेंगाचटणी यांपैकी कोणताही पदार्थ लसणावाचून पुरा होत नाही. असे असूनही गृहिणीला किंवा शेतकऱ्याला ‘तुमच्याकडील लसूण कोणत्या जातीचा?’ असा प्रश्न विचारला, तर बहुधा ‘गावरान’ किंवा ‘बाजारचा’ एवढेच उत्तर मिळते. आंब्याच्या बाबतीत हापूस, पायरी, केशर हे भेद आपण सहज सांगतो. ज्वारीतही मालदांडी वेगळी ओळखतो. लसणाच्या वाट्याला मात्र ही चिकित्सा आलेली नाही.

२०२४ साली राज्याच्या किरकोळ बाजारात लसणाचा भाव किलोला ४०० रुपयांच्या घरात गेला, तेव्हा परसबागेत चार वाफे लसणाचे असावेत हा विचार अनेकांच्या मनात आला. शाळांमधील पोषण आहाराच्या योजनेला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव मिळाले असून तिच्या अंतर्गत शालेय परसबागांना उत्तेजन दिले जाते. या बागांत मेथी, पालक, वांगी यांच्या बरोबरीने लसणालाही जागा मिळू लागली आहे. परंतु लावायचे बियाणे कोणते, ही निवड बहुतेक ठिकाणी दुकानातील गड्ड्याच्या आकारावरूनच होते. तिथेच फसगतीला सुरुवात होते.

मोठा गड्डा आणि लहान दिवस

लसूण हे मूळचे मध्य आशियातील पीक होय. थंडीत पाने वाढवावीत आणि दिवस मोठा व उबदार होऊ लागला की पानांतील अन्न जमिनीखाली साठवून गड्डा बांधावा, असा त्याचा स्वभाव आहे. हा बदल केव्हा घडावा हे तीन गोष्टींवर ठरते : रोपाला मिळालेली थंडी, हवेतील उष्णता आणि दिवसाची लांबी. या तिन्ही बाबतींत सर्व जातींची गरज सारखी नाही. काही जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो; त्यांना लघुदिवसीय म्हणतात. काहींना याहून बराच मोठा दिवस आणि दीर्घ थंडी लागते. त्या दीर्घदिवसीय होत.

पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि ऐन जूनमध्येही तो तेरा तासांच्या आसपासच राहतो. हिमाचल प्रदेशात उन्हाळ्यात तोच दिवस चौदा तासांच्या वर जातो. त्यामुळे हिमालयाच्या पायथ्याशी व डोंगरांत उत्तम येणारी दीर्घदिवसीय जात पठारावर लावली, तर तिला पुरेशी थंडी मिळत नाही आणि पुढे पुरेसा मोठा दिवसही मिळत नाही. रोपे हिरवीगार दिसतात, पाने भरपूर येतात, शेजारीपाजारी कौतुकही करतात. आणि मार्चमध्ये उपटून पाहिल्यावर हाती कांद्याच्या पातीसारखा जाडसर बुंधा तेवढा येतो. पाकळ्या पडलेल्याच नसतात. बाजारात दिसणारा टपोऱ्या, मोजक्या पाकळ्यांचा डोंगरी किंवा परदेशी लसूण बियाणे म्हणून आणणाऱ्यांच्या पदरी हा अनुभव येतो. दोष बियाण्याचा नसतो व मेहनतीचाही नसतो. स्थान आणि जात यांचा मेळ बसलेला नसतो, इतकेच.

राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाने प्रसारित केलेली ‘ॲग्रीफाउंड पार्वती’ (जी-३१३) ही जात या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिचा गड्डा पाच ते साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा, पाकळ्या दहा ते सोळा आणि आकाराने मोठ्या. पाहताच मोह पडावा असा हा लसूण आहे. परंतु त्याची शिफारस हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर, उत्तराखंड यांसारख्या डोंगराळ प्रदेशांसाठी आहे, महाराष्ट्राच्या पठारासाठी नव्हे.

आपल्याकडील जाती

महाराष्ट्राला लसणाच्या संशोधनाची उणीव नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गोदावरी’, ‘श्वेता’, ‘फुले बसवंत’ व ‘फुले नीलिमा’ या जाती दिल्या. १९७७ साली स्थापन झालेल्या वर उल्लेखिलेल्या बागवानी प्रतिष्ठानाचे संशोधन केंद्र नाशिकजवळ चितेगाव फाटा येथे असून ‘यमुना सफेद’ या मालिकेतील जाती व ‘ॲग्रीफाउंड व्हाइट’ (जी-४१) या त्याच संस्थेच्या होत. कांदा व लसणासाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ साली नाशिक येथे सुरू झाले, १९९८ साली ते पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे गेले आणि पुढे त्याचे संचालनालयात रूपांतर झाले. ‘भीमा ओंकार’ व ‘भीमा पर्पल’ या जाती तेथील आहेत.

परसबागेच्या दृष्टीने यांतील भेद ध्यानात घेण्याजोगे आहेत. ‘गोदावरी’चा गड्डा मध्यम, वरचा पापुद्रा जांभळट आणि पाकळ्या सुमारे चोवीस. ‘श्वेता’ नावाप्रमाणे पांढरी, पाकळ्या साधारण सव्वीस. ‘फुले बसवंत’ जांभळ्या रंगाची असून तिच्या एका गड्ड्यात पंचवीस ते तीस पाकळ्या भरतात. ‘यमुना सफेद’ (जी-१) पांढरी, पाकळ्या पंचवीस ते तीस व विळ्यासारख्या वाकड्या. याच मालिकेतील तिसरी, म्हणजे जी-२८२, हिचा गड्डा पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत भरतो आणि पाकळ्या पंधरा-सोळाच असतात. ‘भीमा ओंकार’मध्ये अठरा ते वीस व ‘भीमा पर्पल’मध्ये सोळा ते वीस पाकळ्या असून दोन्ही जाती १२० ते १३५ दिवसांत तयार होतात. ‘भीमा पर्पल’च्या शिफारशीत महाराष्ट्राचा समावेश आहे, ‘भीमा ओंकार’ची शिफारस गुजरात, राजस्थान, हरियाणा व दिल्ली या भागांसाठी आहे. जवळच्या बियाणे विक्री केंद्रात यांपैकी काय मिळेल ते दरवर्षी सारखे नसते. परसबागेत त्यातील दोन-तीन जाती आणि गावातील एक जुना लसूण एवढे मिळाले तरी पारख करण्यास पुरेसे आहे.

हा ‘गावातील जुना लसूण’ वगळू नये. त्याचे कारण लसणाच्या जन्मकथेतच आहे.

बी नसलेले पीक

कांद्याला बी येते, मिरचीला येते, वांग्याला येते. लसूण त्या अर्थाने निर्बीज आहे. सर्वसाधारण लागवडीतील लसणात फुले येत नाहीत किंवा आली तरी त्यांतून सकस बी तयार होत नाही. आपण जिला बियाणे म्हणतो ती पाकळी म्हणजे आधीच्याच झाडाचा एक तुकडा. म्हणून एका जातीतील सारी रोपे गुणधर्माने जवळजवळ एकच असतात, आणि आजोबांनी लावलेला लसूण नातवाच्या वाफ्यातही तोच असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दरवर्षी मोठ्या पाकळ्या निवडून लावल्याने जात सुधारत नाही. मोठ्या पाकळीत अन्नसाठा जास्त असल्याने रोप जोमदार येते आणि गड्डा मोठा भरतो, हे खरे. परंतु तो गुण पाकळीच्या वजनाचा, वंशाचा नव्हे. तरीही निवड अवश्य करावी, कारण बारीक व सुरकुतलेल्या पाकळ्यांत रोगट झाडांची भर अधिक असते आणि लसणातील विषाणू पाकळीवाटे एका पिढीतून दुसरीत उतरत राहतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्वारीचे किंवा कांद्याचे जुने वाण काही वर्षे मडक्यात, डब्यात टिकवता येते. लसणाचे वाण टिकवायचे तर ते दरवर्षी मातीत घालावे लागते. एक वर्ष लावला नाही की पुढील पावसाळ्यात गड्डे पोचट होतात, कोंब सुकतो आणि ते वाण त्या घरापुरते संपते. गावातील शेवटच्या घराने लावणे सोडले की ते गावापुरते संपते. राजगुरुनगरच्या संचालनालयात विविध भागांतील लसणाचे संग्रह शेतात लावून जतन केले जातात हे खरे. पण ज्या वाणाची नोंदच कोणी केली नाही ते तेथे पोहोचणार कसे? ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने, किंवा शाळेतील मुलांनी, गावात कोणाच्या घरी कोणता लसूण किती वर्षांपासून लावला जातो याची नुसती यादी केली, तरी ते उपयुक्त काम ठरेल.

वाफ्याची आखणी

तुलना म्हणजे एका कोपऱ्यात एक जात आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी लावून मार्चमध्ये कोणता ढीग मोठा ते पाहणे, असा समज असतो. परसबागेत एका टोकाला मोरीचे पाणी येते, दुसऱ्या टोकाला शेवग्याची सावली पडते, मध्ये कोठेतरी जुना उकिरडा असतो. ढीग मोठा निघाला तो जातीमुळे की उकिरड्यामुळे, हे सांगता येत नाही. शेतीप्रयोगांतील ही अडचण इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात सोडवली. प्रत्येक जातीची पुनरावृत्ती करावी आणि तिची जागा आपल्या मर्जीने न ठरवता दैवावर सोपवावी, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय. भारतीय शेतीत ही पद्धत रुजविणाऱ्यांत वि. गो. पानसे व सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचे स्थान मोठे आहे. शेतीक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी त्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतींवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि तो पुढे अनेक दशके कृषी महाविद्यालयांत वापरला गेला.

हे तत्त्व सहा मीटर लांब व एक मीटर रुंद अशा एका वाफ्यात सहज उतरते. वाफ्याचे आडवे बारा पट्टे पाडावेत; प्रत्येक पट्टा अर्धा मीटर रुंद होईल. पहिले चार पट्टे हा एक गट, मधले चार दुसरा, शेवटचे चार तिसरा. चार जातींच्या चार चिठ्ठ्या करून प्रत्येक गटासाठी स्वतंत्रपणे उचलाव्यात व निघेल त्या क्रमाने जाती लावाव्यात. अशा रीतीने मोरीकडचा भाग प्रत्येक जातीच्या वाट्याला एकदा येतो व शेवग्याकडचाही एकदा. दोन ओळींत व दोन पाकळ्यांत दहा-दहा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका पट्ट्यात पाच ओळी व पन्नास पाकळ्या बसतात. म्हणजे प्रत्येक जातीच्या दीडशे. यासाठी जातीगणिक पाव ते अर्धा किलो गड्डे पुरतात. मुलांना चिठ्ठ्या उचलण्याचे काम फार आवडते. ते त्यांच्याकडेच सोपवावे आणि त्यामागील कारणही त्यांना सांगावे.

प्रत्येक पट्ट्याची पहिली व शेवटची ओळ आणि प्रत्येक ओळीतील दोन टोकांची रोपे वजनात धरू नयेत. कडेच्या रोपाला ऊन व अन्न जास्त मिळते आणि शेजारच्या जातीची सावलीही त्यावर पडू शकते. मधल्या तीन ओळींतील आठ-आठ, म्हणजे चोवीस रोपे मोजायची. उरलेला लसूण स्वयंपाकघराचा.

लागवड

जमीन मध्यम, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. आधीच्या दोन वर्षांत त्या जागी कांदा किंवा लसूण घेतलेला नसावा. चौरस मीटरला दोन किलो या प्रमाणात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ते अर्धे कच्चे असेल तर हुमणी व बुरशी यांना आमंत्रणच होय. रासायनिक खताची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी आहे. चौरस मीटरला हा हिशेब दहा ग्रॅम नत्राचा, म्हणजे सुमारे बावीस ग्रॅम युरियाचा होतो. त्यातील अर्धा लागणीच्या वेळी व उरलेला दोन हप्त्यांत द्यावा. दोन महिन्यांनंतर मात्र नत्र देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने पाकळ्यांतूनच नवे फुटवे निघू लागतात, गड्डा सैल होतो आणि साठवणीत लवकर जातो.

लागण ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. त्याहून उशीर झाला की पाने पुरेशी वाढण्याआधीच उन्हाची चाहूल लागते आणि गड्डा लहान राहतो. फारच उशिरा लावलेली किंवा अगदी बारीक पाकळी कित्येकदा पाकळ्या न पाडता एकच गोल गाठ बनून राहते. बाजारात ‘एकपाकळी’ म्हणून औषधी गुणांच्या जाहिरातीसह चढ्या भावाने विकला जाणारा लसूण बऱ्याचदा असा अपुरा वाढलेला लसूणच असतो. अशी गाठ पुढील हंगामात लावली, तर तिच्यापासून नेहमीसारखा पाकळ्यांचा गड्डा तयार होऊ शकतो.

गड्डा आदल्या दिवशी हलक्या हाताने फोडून बाहेरच्या बाजूच्या भरीव पाकळ्या घ्याव्यात, आतल्या चिपट्या स्वयंपाकाला ठेवाव्यात. पाकळी सोलू नये. टोक वर व बूड खाली करून दोन-तीन सेंटिमीटर खोल टोकावी. लावण्यापूर्वी प्रत्येक जातीच्या दीडशे पाकळ्यांचे वजन वहीत टिपून ठेवणे अगत्याचे आहे. त्याचा उपयोग पुढे येईल. शीतगृहात राहिलेले बियाणे व घरी ठेवलेले बियाणे यांची एकाच वाफ्यात तुलना करू नये, कारण गार हवेत राहिलेली पाकळी गड्डा बांधण्याची घाई करते.

पाणी साधारणपणे आठ-दहा दिवसांनी, जमिनीप्रमाणे. मुळे उथळ असल्याने खुरपणी हलकी असावी. फुलकिडे पानांतील रस शोषतात, तेव्हा पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागतात. निंबोळी अर्काच्या फवारण्या सुरुवातीपासून चालू ठेवल्यास परसबागेत सहसा एवढ्यावर भागते. ढगाळ व दमट हवेत जांभळा करपा येतो. कोणत्या जातीवर तो आधी दिसला व किती पसरला, याची नोंद गड्ड्याच्या वजनाइतकीच मोलाची मानावी. लसणाची हिरवी पात चटणीला फार चांगली. परंतु तुलनेच्या पट्ट्यांतील पात कापू नये. तिच्यासाठी बांधाच्या कडेला वेगळी ओळ लावावी, नाहीतर घरातील मंडळी अंधारात कोणत्या पट्ट्यावर हात चालवतील याचा नेम नाही.

वजन, आणि वजनापलीकडचे

पाने पिवळी पडून शेंडे वाळू लागले व मान मऊ होऊन झुकू लागली की पीक तयार झाले असे समजावे. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. सर्व जाती एकाच दिवशी उपटण्याचा आग्रह धरू नये. जी आधी पिकली ती आधी काढावी आणि दिवसांची संख्या लिहावी. उपटलेला लसूण पातीसकट सावलीत सुकवून, पात व मुळे छाटून, मगच वजन करावे. ओल्या लसणाचे वजन फसवे असते.

सर्वसाधारणपणे हेक्टरी शंभर क्विंटल उत्पन्न म्हणजे चौरस मीटरला एक किलो. या मापाने सहा चौरस मीटरच्या वाफ्यातून सहा किलोच्या आसपास लसूण निघावा आणि मोजणीच्या चोवीस रोपांचे वजन पाव किलोच्या मागेपुढे यावे. आता समजा, एका जातीच्या तीन पट्ट्यांची वजने ३००, २२० व २६० ग्रॅम आली आणि दुसरीची २७०, २५० व २९०. पहिलीची सरासरी २६० व दुसरीची २७०. दुसरी श्रेष्ठ म्हणावी काय? मुळीच नाही. एकाच जातीच्या दोन पट्ट्यांत जेथे ऐंशी ग्रॅमचा फरक पडतो, तेथे दोन जातींच्या सरासरीतील दहा ग्रॅमला अर्थ नाही. तिन्ही गटांत एकच जात दरवेळी पुढे राहिली आणि फरकही ठळक असला, तरच काही म्हणता येईल. ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्षही निष्कर्षच होय. शाळेच्या वहीत तो लिहिण्यास संकोच वाटू नये.

लावलेल्या पाकळ्यांचे वजन येथे उपयोगी पडते. मोजक्या व मोठ्या पाकळ्यांची जात दिसते भारी, पण तिला बियाणेही जास्त लागते. सोळा पाकळ्यांच्या जातीत, सर्व पाकळ्या लावण्याजोग्या धरल्या तरी, पिकाचा सोळावा भाग पुढील वर्षासाठी बाजूला काढावा लागतो. अठ्ठावीस पाकळ्यांच्या जातीत अठ्ठाविसावा. म्हणून आलेल्या वजनातून लावलेले वजन वजा करून जे उरेल त्याचीच तुलना करणे न्याय्य ठरते. उलट बाजूही आहे. बारीक पाकळ्या सोलणे हे मोठे कष्टाचे काम, आणि ते बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येते. क्विंटलच्या तक्त्यांत या वेळेला रकाना नसतो. घरच्या तुलनेत तो अवश्य असावा : प्रत्येक जातीच्या पन्नास पाकळ्या एकाच व्यक्तीने सोलाव्यात व घड्याळ लावून मिनिटे लिहावीत. दीडशे मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या शाळेतील मदतनीस बाईंचे मत या बाबतीत कोणत्याही तज्ज्ञाच्या मतापेक्षा वजनदार समजावे.

स्वादाची परीक्षा घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती चेचली की पेशी फुटतात, ॲलिन या द्रव्याशी ॲलिनेज या विकराचा संयोग होतो आणि ॲलिसिन तयार होऊन तो परिचित उग्र दर्प दरवळतो. ॲलिसिन प्रथम वेगळे करण्यात आले ते १९४४ साली, अमेरिकेत. उष्णतेने विकर निकामी होते. त्यामुळे अखंड पाकळी तेलात टाकली तर तिखटपणा उतरत नाही, आधी ठेचून टाकली तर उतरतो. तेव्हा जातींची चव कच्च्या ठेच्यात वेगळी व फोडणीत वेगळी पाहावी, सारख्याच वजनाच्या पाकळ्या घ्याव्यात, आणि वाट्यांवर नावांऐवजी क्रमांक घालावेत. गावरान लसूण अधिक उग्र असतो ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत खरी की खोटी, याचा निवाडा नाव झाकूनच होऊ शकतो. जमिनीतील गंधकाचाही या उग्रतेशी संबंध आहे. म्हणून एका गावचा लसूण दुसऱ्या गावच्या लसणाशी चवीत ताडून पाहणे व्यर्थ आहे.

आयुर्वेदाने लसणाला ‘रसोन’ म्हटले, कारण सहा रसांपैकी आम्ल रस तेवढा त्यात उणा मानला. काश्यपसंहितेत त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या बॉवर हस्तलिखिताचा आरंभही लसणाच्या गुणवर्णनाने होतो. या थोरवीमुळे आज त्याच्या नावावर वाटेल ते दावे केले जातात. परसबागेतील तुलनेचा त्यांच्याशी संबंध नाही. कोणती जात अधिक औषधी, हे वाफ्यात कळत नाही.

साठवण व दुसरे वर्ष

परसबागेसाठी लसणाची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. मार्चमध्ये सर्वच लसूण चांगला दिसतो. पातीसह वेण्या वळून हवेशीर छपराखाली टांगण्याची जुनी रीत आजही सर्वांत सोपी व खात्रीची आहे. कोकणासारख्या दमट हवेत चुलीच्या धुराजवळ टांगतात, त्यामागेही अनुभवच आहे. प्रत्येक जातीचे वीस गड्डे निराळे टांगावेत, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचे वजन करावे, आणि पोचट, काळे पडलेले किंवा कोंब आलेले किती ते मोजावे. उत्पन्नात पहिली आलेली जात ऑगस्टअखेर तिसरी ठरली, तर वर्षभर घरचा लसूण खाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने तिला पहिली का मानावे?

पहिल्या वर्षाच्या निकालावर पंचायतीने किंवा शाळेने बियाण्याची मोठी खरेदी करू नये, याला आणखीही एक कारण आहे. संशोधन केंद्रातून आलेले ताजे, निरोगी बियाणे आणि वर्षानुवर्षे गावात फिरून विषाणूंनी थकलेला गावरान लसूण यांची पहिल्या वर्षी तुलना होते, तेव्हा जातीजातींतील फरकापेक्षा बियाण्याच्या आरोग्यातील फरकच अधिक मोजला जातो. दुसऱ्या वर्षी सर्व जातींचे बियाणे त्याच वाफ्यातून आलेले, एकाच छपराखाली राहिलेले असते. थकव्याचा भाग एका वर्षात पुरता जात नाही, तथापि सामना बराच समान पातळीवर येतो. गावरान लसूण पहिल्या वर्षी मागे पडला म्हणून तो टाकून दिला, तर दुसऱ्या वर्षी पडताळून पाहण्यास तो उरणारच नाही.

म्हणून काढणीच्याच दिवशी प्रत्येक जातीचे बारा-पंधरा निरोगी गड्डे बियाण्यासाठी वेगळे काढून त्यांची स्वतंत्र वेणी वळावी. तिला जातीचे नाव, पट्ट्याचा क्रमांक व तारीख लिहिलेला पत्र्याचा तुकडा तारेने बांधावा. कागदाच्या चिठ्ठ्या श्रावणापर्यंत झुरळे खातात, आणि शाई ओलाव्याने त्याआधीच गेलेली असते.